नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचे असेल तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नामिबिया म्हटले की आता आपल्याकडे बहुतेकांना चित्ते आठवतात. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडलेले पहिले आठ चित्ते याच देशातून आले होते. त्यानंतर आमच्या परिचयातील अनेकांनी या देशाविषयी विचारणा सुरू केली. त्या सर्वांना वेळोवेळी सांगितलेली माहिती येथे क्रमाने मांडत आहे.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील हा देश ८,२४,२९२ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा. आणि लोकसंख्या मात्र जेमतेम ३० लाख. रस्त्यावर तासभर समोरून एकही गाडी न येणे ही तेथे नेहमीची गोष्ट आहे. सार्वजनिक वाहतूक पर्यटकांच्या उपयोगाची नसल्यामुळे एकतर मार्गदर्शकासह गाडी ठरवावी लागते, नाहीतर भाड्याची गाडी स्वतः चालवावी लागते. तेथेही वाहने डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे गाडी चालवण्याची सवय असलेल्या भारतीय कुटुंबासाठी दुसरा पर्याय पूर्णपणे शक्य आहे. हा लेख त्या दुसऱ्या पर्यायासाठी आहे. त्याची तयारी मात्र नेहमीच्या परदेश सहलीपेक्षा वेगळी करावी लागते, कारण तेथे दिवसाचा उजेड किती आहे यावर सगळे ठरते.

१. आधी महिना ठरवा

नामिबिया दक्षिण गोलार्धात आहे. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व पावसाचा काळ. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तेथे पाऊस संपलेला असतो, हवा सुखद असते आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती या महिन्याला आहे. जून-जुलैमध्ये दिवस छान असतात, पण वाळवंटात रात्री पारा शून्याजवळ उतरतो, त्यामुळे लोकरीची टोपी, हातमोजे आणि जाड जाकीट सोबत हवेच. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने केवळ सुती कपडे नेणाऱ्यांचे तंबूत फार हाल होतात.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येत असेल तर उष्णता बरीच असते. मात्र पाणी आटलेले असल्यामुळे एतोशा राष्ट्रीय उद्यानातील प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर जमतात आणि प्राणिदर्शनासाठी हाच काळ उत्तम ठरतो. नाताळच्या दिवसांत शक्यतो जाऊ नका. आतील भागात कडक ऊन असते आणि किनारपट्टीवरची गावे तेथील स्थानिक सुट्टीमुळे भरून गेलेली असतात.

२. मार्ग आखताना किलोमीटर नव्हे, उजेड मोजा

संपूर्ण नियोजनात सर्वाधिक वेळ येथे द्या. तेथे शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. कुडू व ओरिक्स ही मोठी हरणे आणि रानडुकरे अचानक रस्त्यावर येतात. कुडूसारखे मोठे जनावर ताशी शंभरच्या वेगात काचेवर आदळले तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय गाडी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या करारात रात्री झालेल्या अपघाताला विमासंरक्षण नसते.

जूनमध्ये राजधानी विंडहुकला सूर्योदय साधारण साडेसातला आणि सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे होतो. म्हणजे हातात दहा-साडेदहा तास उजेड. त्यातून न्याहारी, सामान आवरणे, पेट्रोल, जेवण, छायाचित्रांसाठी थांबणे आणि एखादे पंक्चर वजा केले, की प्रत्यक्ष गाडी चालवायला पाच-सहा तास उरतात. खडी-मुरुमाच्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी ६०-६५ किलोमीटरच पडतो. म्हणून अशा रस्त्यावर दिवसाला ३५० किलोमीटर ही वरची मर्यादा धरा आणि सलग दोन दिवस एवढे अंतर ठेवू नका. फोनवरील नकाशा दाखवतो त्या वेळेत किमान तास-दीड तास मिळवा.

पहिल्या भेटीसाठी मी नेहमी पुढील वर्तुळाकार मार्ग सुचवतो. विंडहुकहून नैऋत्येला सेसरीम, म्हणजे सोसुसव्लेच्या लाल वाळूच्या डोंगरांचे प्रवेशद्वार, अंतर सुमारे ३५० किलोमीटर, तेथे दोन रात्री. मग सॉलिटेअर आणि कुइसेब घाटातून वॉल्विस बेमार्गे किनाऱ्यावरचे स्वाकोपमुंड, साधारण तेवढेच अंतर, तेथेही दोन रात्री, कारण एव्हाना सर्वांना विश्रांती हवी असते. नंतर हेंटिस बे आणि उइसवरून डामारालँडमधील ट्वायफलफोंटेन, जेथे खडकांत कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची प्राणिचित्रे आहेत. युनेस्कोने २००७ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथे एक किंवा दोन रात्री. पुढे खोरिक्सास, आउट्योवरून एतोशा राष्ट्रीय उद्यान, किमान तीन रात्री. परतताना ओचिवारोंगो परिसरात एक रात्र आणि मग विंडहुक. कुनोला आलेल्या चित्त्यांशी संबंधित चीता कन्झर्व्हेशन फंडाचे केंद्र ओचिवारोंगोजवळच आहे आणि ते पाहता येते.

हे सर्व दहा-अकरा रात्रींत बसते. यात फिश रिव्हर कॅनियन, कोलमान्सकोप किंवा व्हिक्टोरिया धबधबा कोंबण्याचा मोह होईल. कृपया टाळा. आपल्याकडच्या 'आलोच आहोत तर तेही पाहून घेऊ' या वृत्तीने तेथे दिवसभर केवळ धूळ आणि काच पाहणे नशिबी येते. व्हिक्टोरिया धबधब्यासाठी तर देशाबाहेर जावे लागते. एकच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर बाहेर पडल्यावर परत येण्यासाठी नवा लागेल.

३. निवासाचे आरक्षण विमानाआधी पाहा

एतोशातील ओकाकुयो, हलाली, नामुतोनी ही विश्रामस्थळे आणि सेसरीमचा तंबूतळ नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्स या सरकारी संस्थेकडे आहेत. जुलै ते ऑक्टोबरसाठी या जागा आठ-दहा महिने आधी भरू लागतात. त्यामुळे आधी या दोन ठिकाणच्या तारखा मिळवा, त्यांभोवती बाकीचा मार्ग बसवा आणि मगच विमानाचे तिकीट काढा. विंडहुक आणि स्वाकोपमुंड येथे पर्याय भरपूर आहेत. त्यांची चिंता शेवटी केली तरी चालते.

४. विमानप्रवासातील सापळे

भारतातून नामिबियाला थेट विमान नाही. मुंबईहून अदिस अबाबामार्गे विंडहुक हा एक सोयीचा मार्ग आहे. दुसरा आखाती शहरांतून जोहान्सबर्गला आणि तेथून विंडहुकला.

जोहान्सबर्गमार्गे जाताना स्वस्त पडतात म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे काढू नका. एकाच तिकिटावर, सामान थेट विंडहुकपर्यंत नोंदवलेले असेल तर विमानतळाच्या आतच विमान बदलता येते. स्वतंत्र तिकिटे असतील तर सामान घेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा हवा. तो नसेल तर मुंबईतच विमानात चढू देत नाहीत.

अदिस अबाबामार्गे जाताना मुक्काम लांबला आणि विमान कंपनीने शहरात हॉटेल दिले, तर त्याचा संबंध पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीच्या प्रमाणपत्राशी येतो. त्याविषयी पुढे सांगतो.

५. व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी व्हिसा लागतो. तो आधी ऑनलाइन अर्ज करून किंवा विंडहुकच्या होसिया कुटाको आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरल्यानंतर घेण्याची सोय आहे. शुल्क आणि नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी नामिबियाच्या गृहखात्याचे संकेतस्थळ आणि दिल्लीतील त्यांचे उच्चायुक्तालय या दोन्हींकडून खात्री करून घ्या. शक्य असेल तर ऑनलाइन मंजुरी आधीच घ्या. रात्रभराच्या प्रवासानंतर मुलांना घेऊन व्हिसाच्या रांगेत उभे राहणे टळते, आणि मुंबईत बोर्डिंग पास देणाऱ्या कर्मचाऱ्याला दाखवायला हातात कागद असतो.

पुढील कागद छापील स्वरूपात, हातातल्या बॅगेत ठेवा:

- किमान सहा महिने वैधता आणि तीन कोरी पाने असलेला पासपोर्ट
- परतीचे तिकीट
- प्रत्येक रात्रीच्या निवासाचे आरक्षण
- बँक खात्याचा उतारा
- आजारी किंवा जखमी व्यक्तीला उपचारासाठी दुसरीकडे हलवण्याचा खर्च समाविष्ट असलेला प्रवास विमा
- व्हिसाची मंजुरी आणि शुल्क भरल्याची पावती
- पीतज्वर लसीकरणाचे प्रमाणपत्र, मार्गानुसार लागत असेल तर
- मूळ वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना

अठरा वर्षांखालील मुले सोबत असतील तर दोन्ही पालकांची नावे असलेला जन्मदाखला आवश्यक आहे. आपल्याकडचे कित्येक जुने दाखले फक्त मराठीत असतात. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून इंग्रजी मजकूर असलेला नवा दाखला वेळेत काढून घ्या. आई किंवा वडील यांपैकी एकच जण सोबत असेल तर दुसऱ्याचे संमतीचे प्रतिज्ञापत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत न्या. आजी-आजोबा नातवंडांना नेत असतील तर दोन्ही पालकांचे प्रतिज्ञापत्र लागेल.

विमानतळावर अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारून राहण्याचे दिवस हाताने लिहितात. खिडकीसमोरून हलण्यापूर्वी ती तारीख वाचा. तुमच्या परतीच्या तारखेपेक्षा कमी दिवस लिहिलेले असतील तर तेथेच नम्रपणे दुरुस्त करून घ्या. नंतर विंडहुकच्या कार्यालयात खेटे घालण्यात सहलीचा एक पूर्ण दिवस जातो, आणि दुरुस्ती न करता मुदत ओलांडली तर दंड होऊ शकतो.

६. पीतज्वर आणि मलेरिया

पीतज्वराच्या बाबतीत गोंधळ फार आहे. नामिबियात हा रोग नाही, त्यामुळे भारतातून थेट आखातामार्गे जाणाऱ्याला लस लागत नाही. परंतु इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे देश मानले जातात. तेथे विमान बदलताना बारा तासांपेक्षा अधिक काळ थांबलात किंवा विमानतळाबाहेर पडलात, तर नामिबियात प्रमाणपत्र मागितले जाते. भारतात परतताना तपासणी याहून कडक असते. प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून येणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. म्हणून या मार्गाने जाणार असाल तर लस घेऊनच टाका, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांवरच ती मिळते, ठरावीक वारी दिली जाते आणि आधी नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते, त्यामुळे निदान महिनाभर आधी हे काम उरका. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. साठीपुढील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय ती घेऊ नये.

मलेरियाचा धोका उत्तरेत, एतोशा धरून, मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतर जूनपर्यंत असतो. विंडहुक, सेसरीम आणि स्वाकोपमुंड येथे तो नाही. मे महिन्यात एतोशाला जाणाऱ्यांनी प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

७. गाडी भाड्याने घेणे

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो. सारथी संकेतस्थळावर अर्ज ४-अ भरून परवाना, पासपोर्ट आणि मागितलेल्या इतर कागदांच्या प्रती जोडायच्या आणि १,००० रुपये शुल्क भरायचे. तो एक वर्ष चालतो. सोबत मूळ परवाना नेणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय परवान्याला एकट्याने किंमत नाही.

वर सुचवलेल्या मार्गासाठी कोरड्या काळात जमिनीपासून उंच असलेली साधी एसयूव्ही पुरते. चारही चाकांना जोर देणारी गाडी अधिक सुरक्षित वाटते हे खरे, पण ती महाग असते, पेट्रोल-डिझेल जास्त खाते, आणि छपरावर तंबू लावलेली असेल तर वरच्या वजनामुळे वळणावर अधिक जपावे लागते. लहान हॅचबॅक मात्र घेऊ नका.

आपल्या लोकांची नेहमीची अडचण कार्डाची होते. अनामत रक्कम रोखण्यासाठी कंपन्या मुख्य चालकाच्या नावावरचे क्रेडिट कार्डच मागतात. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड यासाठी सहसा चालत नाही, आणि पत्नीचे कार्ड व पतीचा परवाना हेही चालत नाही. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील व्यवहार सुरू करा आणि मर्यादा वाढवून घ्या.

विम्याचे सर्वात महागडे, म्हणजे तुमच्यावर शून्य भार ठेवणारे पॅकेज घ्या. तरीही बारीक अक्षरे वाचा. टायर आणि काच समाविष्ट आहे का? दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना गाडी उलटली तर भरपाई मिळते का? त्या देशातील गंभीर अपघातांत अशा एकट्या गाड्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि नेमका हाच प्रकार अनेक करारांत वगळलेला असतो.

८. गाडी ताब्यात घेताना तासभर द्या

किल्ली देणारा माणूस घाईत असतो. तुम्ही घाई करू नका. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, काचेवरचे बारीक टवकेसुद्धा नोंदवून घ्या. मग स्टेपनी पाहा. शक्यतो दोन मागा. दोन्हींत हवा आहे का ते मापकाने तपासा, नुसते बोटाने दाबून नव्हे. जॅक, पाना आणि त्याचा दांडा बाहेर काढून घ्या आणि एका चाकाचा एक नट प्रत्यक्ष सैल करून पुन्हा घट्ट करा. हे हट्टाने करा. यंत्राने आवळलेला नट पाना आडवा धरून, त्यावर पाय देऊनही हलत नाही, असे कित्येकदा आढळते. तो हलतो की नाही हे विंडहुकच्या आवारात कळलेले बरे, कारण सॉलिटेअरच्या अलीकडे साठ किलोमीटरवर मदतीला कोणी नसते. पाना आखूड वाटला तर लांब दांड्याचा मागून घ्या. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप आणि मापक गाडीत असायला हवेत.

९. मुरुमाच्या रस्त्यावर

बी अक्षराचे रस्ते बहुतांश डांबरी आहेत. सी आणि डी अक्षरांचे बहुतेक खडी-मुरुमाचे. कायद्याने अशा रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, परंतु ७० ते ८० च्या वर जाऊ नका. अनेक कंपन्या करारातच ८० ची मर्यादा घालतात आणि गाडीत वेग नोंदवणारे यंत्र बसवलेले असते.

रस्ता सरळ, मोकळा आणि सपाट दिसतो, म्हणूनच फसवतो. मधला भाग चाकांनी दाबून घट्ट झालेला असतो, कडांना सुटी खडी साचलेली असते. डावीकडची चाके त्या खडीत गेली की गाडी बाजूला ओढली जाते. अशा वेळी चालक घाबरून स्टिअरिंग उजवीकडे झटकतो किंवा ब्रेक कचकचून दाबतो, गाडी आडवी होते आणि उलटते. योग्य कृती अशी: स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्या आणि मग सावकाश घट्ट भागावर या. पहिल्या दिवशी वाहतूक नसलेल्या पट्ट्यात ताशी ४० च्या वेगाने हे मुद्दाम करून पाहा. घरात दोघे चालक असतील तर दोघांनीही करावे.

डांबरी रस्ता सोडताना टायरमधील हवा कमी करा. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो, तो कंपनीकडून लिहून घ्या. तेथे माप बारमध्ये सांगतात, आपल्याला पीएसआयची सवय असते. २ बार म्हणजे सुमारे २९ पीएसआय. कमी हवेचा टायर खडीवर अधिक पकड घेतो, अणकुचीदार दगडाने सहज फाटत नाही आणि पन्हाळी पत्र्यासारख्या उंचसखल पट्ट्यांवर गाडी कमी आदळते. डांबरी रस्त्यावर परत आल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नका, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो.

समोरून गाडी येताना दिवसाही दिवे चालू ठेवा, वेग कमी करा आणि शक्य तितके डावीकडे राहा. तिच्या मागून येणारी धूळ काही क्षण सर्व काही झाकून टाकते. त्या धुळीत ओव्हरटेक करू नका. पावसाळ्यात कोरड्या नदीपात्रातून पाणी वाहत असेल तर उतरू नका, थांबा. बहुतेक वेळा काही तासांत ते ओसरते.

पेट्रोल पंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी. गाडीत माणशी किमान पाच लिटर पाणी कायम ठेवा. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नका. सावलीत, गाडीजवळ थांबा. कोणीतरी येते, आणि तेथील लोक थांबून विचारपूस केल्याशिवाय पुढे जात नाहीत. तुम्हीही कोणी थांबलेले दिसले तर तसेच करा.

१०. सेसरीम आणि एतोशा: दरवाजाच्या वेळा

सोसुसव्लेचे लाल वाळूचे डोंगर पाहण्यासाठी सेसरीमच्या फाटकातून आत जावे लागते. बाहेरचे फाटक सूर्योदयाला उघडते. आतील सरकारी तंबूतळावर किंवा आतल्या लॉजमध्ये राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात. फाटकापासून सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, म्हणजे बाहेर राहिलात तर उगवतीचा कोवळा प्रकाश वाटेतच संपतो. थोडे जास्त पैसे गेले तरी आत राहा, असे मी सर्वांना सांगतो. शेवटचे ५ किलोमीटर खोल वाळूचे आहेत. साधी एसयूव्ही तेथे नेऊ नका. वाहनतळावरून ने-आण करणाऱ्या गाड्या मिळतात. पुढे वाळूतून चालत डेडव्ले गाठता येते, जेथे सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेली झाडे पांढऱ्या मातीत अजून उभी आहेत. ऊन चढल्यावर वाळू पायाला भाजते, म्हणून दहापर्यंत परत फिरा. लहान मुलांना चपला नकोत, बूट घाला.

एतोशा १९०७ पासून संरक्षित आहे. मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे खारे मैदान असून पाणवठे त्याच्या दक्षिण कडेने आहेत. येथेही फाटके सूर्योदयाला उघडतात व सूर्यास्ताला बंद होतात. उशीर करणाऱ्यांना दंड होतो. उद्यानात वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे, आणि विश्रामस्थळे व कुंपणातील स्वच्छतागृहे सोडून गाडीतून उतरण्यास सक्त मनाई आहे.

नवखे पर्यटक एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर धावत राहतात. त्याऐवजी एक पाणवठा निवडून इंजिन बंद करा आणि दीड-दोन तास बसा. आधी स्प्रिंगबॉक हरणे येतात, मग झेब्रे, मग जिराफ बराच वेळ दूर उभे राहून चाहूल घेतो आणि पुढचे पाय फाकवून पाण्याशी वाकतो. हत्तींचा कळप आला की बाकी सारे मागे सरतात.

पहिल्या दोन रात्री ओकाकुयोला काढा. तेथील पाणवठ्यावर रात्रभर मंद दिवे असतात आणि अलीकडे बुटक्या भिंतीमागे बाके आहेत. रात्रीचे जेवण आटोपले की जाड जाकीट घालून तेथे जाऊन बसा. काळे गेंडे सहसा अंधार पडल्यावर येतात. ते पाणी पिताना होणारा आवाज भिंतीपर्यंत ऐकू येतो. मुलांना आधीच समजावून ठेवा, कारण तेथे कुजबुजसुद्धा सर्वांना ऐकू जाते.

११. पैसे, फोन, वीज

नामिबियन डॉलरची किंमत दक्षिण आफ्रिकी रँडशी एकास एक बांधलेली आहे आणि रँड तेथे सर्वत्र चालतात. भारतात नामिबियन डॉलर मिळणे अवघड. म्हणून मुंबई-पुण्यातील परकीय चलनाच्या दुकानातून थोडे रँड घेऊन जा. शहरांत कार्ड चालते, पण आडगावच्या पंपावर यंत्र बंद असू शकते, तेव्हा एका टाकीपुरती रोकड नेहमी वेगळी ठेवा. पंपावर पेट्रोल भरणाऱ्याला आणि वाहनतळावर गाडीची राखण करणाऱ्याला थोडी बक्षिसी देण्याची पद्धत आहे.

सिमकार्ड विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घ्या. गावाबाहेर रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक कागदी नकाशाही गाडीत असू द्या. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे.

विजेच्या बाबतीत आपल्याला मोठी सोय आहे. तेथील जाड तीन गोल पिनांचा प्लग आपल्या गीझर-एसीच्या १५ अँपिअरच्या प्लगसारखाच असतो. विमानतळावरचा महागडा अडॅप्टर घेण्याऐवजी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पाच-ते-पंधरा अँपिअरचा कन्व्हर्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्या.

१२. शाकाहारी मंडळींसाठी

हा मांसाहारी देश आहे आणि लॉजच्या जेवणात ओरिक्स-कुडूचे मांस नित्याचे असते. आरक्षण करतानाच मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत असे तिन्ही शब्द वापरून लिहा. नुसते शाकाहारी म्हटले तर कधी कधी मासे येतात. शक्य तेथे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या, दही, पाव सर्व मिळते. तेथून चार दिवसांची बेगमी करून निघा. घरून मेतकूट, कोरडी चटणी, उपम्याचे व पोह्यांचे तयार मिश्रण आणि भाकरीच्या जागी दशम्या पुरेत. नळाचे पाणी शहरांत पिण्यायोग्य असते.

मांसाहार करणाऱ्यांसाठी एक सूचना: जनावरांच्या रोगनियंत्रणासाठी देशाच्या उत्तर भागात एक कुंपणरेषा आहे आणि ती ओलांडून दक्षिणेकडे येताना नाक्यावर कच्चे मांस काढून घेतात.

१३. सुरक्षितता

जंगलापेक्षा विंडहुक शहरात अधिक सावध राहावे लागते. बंद गाडीच्या काचा फोडून सामान नेणे हा तेथील नेहमीचा प्रकार आहे. गाडी उभी करताना आत काहीही दिसू देऊ नका, रिकामी पिशवीसुद्धा. टायरमध्ये हवा नाही असे कोणी खुणेने सांगितले तर तेथे न थांबता पुढच्या पंपावर जाऊन पाहा. एटीएमवर मदत करायला आलेल्याला नकार द्या. रात्री शहरात चालत फिरू नका. पोलिसांचा क्रमांक १०१११ असा आहे. विंडहुकमध्ये भारतीय उच्चायुक्तालय आहे. त्याचा पत्ता आणि फोन लिहून ठेवा.

हिंबा किंवा इतर स्थानिक लोकांचे छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्या, आणि त्यांनी नको म्हटले तर कॅमेरा खाली ठेवा.

१४. परतीचा दिवस

शेवटची रात्र विंडहुकमध्येच काढा, एतोशातून थेट विमानतळ गाठण्याचा बेत आखू नका. नामुतोनीहून विंडहुक साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर असून वाटेत प्राणी आडवे येतात, म्हणून पहाटेचे विमान असेल तर गाडी आदल्या दिवशीच परत करून हॉटेलमार्फत वाहन ठरवा. गाडी परत करताना पुन्हा व्हिडिओ काढा आणि नुकसान नसल्याची नोंद लेखी घ्या. अनामत रक्कम कार्डावर परत यायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत तो कागद जपून ठेवा. नामिबियन डॉलर देशाबाहेर कोणी घेत नाही, उरलेले तेथेच खर्च करा किंवा विमानतळावर बदलून घ्या. पीतज्वराचे प्रमाणपत्र मोठ्या बॅगेत घालू नका, मुंबईत उतरल्यावर सामान मिळण्याआधीच ते मागतात.